तुळशीरामचा पक्का पलंग

सोनगिरवाडीत एक भोळा सुतार होता, तुळशीराम. सांगाल ते ऐकायचा. अडचण तीच होती.

त्याच्या बायकोच्या, कौसाच्या, कमरेतला मणका सरकला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं आणि बजावलं, हिला वाकू द्यायचं नाही, जमिनीवर झोपू द्यायचं नाही. आता सुताराच्या घरात पलंग कुठून असणार? कौसा म्हणाली, पलंग झाला तर घरी येते, नाहीतर सरळ भावाकडे जाते. भाऊ तिला परत धाडणाऱ्यातला नव्हता. तुळशीराम घाबरला. बायकोवर त्याचा फार जीव होता.

म्हणून पलंगाला हात लावण्याआधी त्याने बाईंना विचारलं, पाठ पक्की कशी केली?

"मणका हलत होता म्हणून दुखत होता," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी सळया टाकल्या. आता हलायचं नाव नाही."

तुळशीरामला पटलं. गावात परतला तर शेजारच्या सुंदराकाकूंचा पाळणा दुरुस्तीला आलेला. हलला की कुरकुरायचा. त्याने दोन्ही बाजूंनी सळया ठोकून तो जमिनीशी जखडून टाकला. पाळण्याची कुरकुर थांबली, बाळाची सुरू झाली. मग काकूंची.

तो बाईंकडे गेला. बाई खूप हसल्या. "अहो, सगळंच घट्ट करून कसं चालेल? एक मणका जखडला की ताण वरच्या मणक्यावर येतो. म्हणून काही जणांना आम्ही लवचीक सळई बसवतो. ती थोडी वाकते, ताण वाटला जातो."

हेही पटलं. त्याच आठवड्यात सरपंचांच्या खुर्चीचे पाय बदलायचे होते. तुळशीरामने चारही पाय ओल्या बांबूच्या फोकांचे लावले. ग्रामसभेत सरपंच बसले. खुर्ची थोडी वाकली. मग आणखी वाकली. सरपंच हळूहळू पुढे येत साऱ्या गावापुढे साष्टांग पडले. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. म्हाताऱ्यांना गहिवरून आलं. सरपंचांना आलं नाही.

तुळशीराम पुन्हा बाईंकडे. या खेपेला बाई हसल्या नाहीत.

"घट्ट की लवचीक, हे मनाने ठरवत नसतात. सळई आधी यंत्रात घालतात आणि वाकवत राहतात, तुटेपर्यंत. तेव्हा कळतं ती किती सोसते." आणि उद्या कौसाला घरी सोडते, असंही सांगितलं.

तुळशीरामने रात्रभर जागून पलंग केला. सागवानी, जाड खुरांचा, म्हणजे पायांचा, कुठे कुरकुर नाही. खरं सांगतो, तसा पलंग पंचक्रोशीत नव्हता. इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता.

सकाळी त्याने तालमीतले पैलवान बोलावले. पैलवान पलंगावर नाचले. पलंग तुटला नाही. ज्वारीची पोती रचून त्यांवर पैलवान बसवले. तरी तुटला नाही. तुळशीराम रडकुंडीला आला. तुटल्याशिवाय कळायचं कसं? शेवटी लोहाराचा घण आणला.

पलंगाचे तुकडे झाले आणि दारात जीप थांबली. कौसा उतरली, ताठच्या ताठ.

"कौसा, पलंग एकदम पक्का झालाय बघ," तुळशीराम आनंदाने म्हणाला. "तुटायला घण लागला."

कौसाने तुकड्यांकडे बघितलं. एक अख्खा खूर तिच्या पायाशी पडला होता, पण वाकायची बंदी.

"तेवढा खूर उचलून द्या बरं," ती म्हणाली.

तुळशीरामने वाकून तो दोन्ही हातांनी तिला दिला. "सागवान आहे," तो म्हणाला. "तूच जोर लावून बघ."

कौसाने त्याच्याच पाठीवर लावून बघितला. खूर शेवटपर्यंत तुटला नाही.