पिराजी सेमीफायनल खेळतो

कोल्हापूरच्या पलीकडं चिंचटेक नावाचं एक गाव आहे, आणि त्या गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी होता. 'भोळा' हा शब्द त्याच्या आत्याचा. गावाचा शब्द वेगळा होता, आणि गाव तो त्याच्या तोंडावर वापरायचं. राग आला की पाणी प्यावं, असं आत्यानं पिराजीला सांगितलेलं. त्यामुळं कुणी शिवी दिली की तो मुकाट्यानं विहिरीकडं चालू लागायचा.

सांगितलेलं करायचं, एवढंच त्याला यायचं. एकदा आत्या म्हणाली, "आल्यागेल्याला चहा पाजल्याबिगर सोडू नकोस." ती शेतात गेली आणि दारावरून एक माणूस पळत निघाला. त्याचा बैल दावं तोडून सुटला होता. पिराजीनं त्याचं मनगट धरलं, त्याला चुलीपाशी बसवलं आणि चहा उकळेपर्यंत सोडलं नाही. तोवर बैल शेजारच्या गावात पोचला. चहा मात्र चांगला झाला होता, असं तो माणूस नंतर कबूल करायचा.

तर असा हा गडी. पण त्याचा उजवा पाय काही वेगळाच होता.

आत्याचं घर गावाबाहेरच्या मैदानाला लागून. एका संध्याकाळी गावच्या तालमीच्या संघातल्या पोरांचा फुटबॉल अंगणात येऊन पडला. संघाला शिकवणाऱ्या केरबा वस्तादांनी लांबून हाक दिली, "चेंडू जोतिरामला दे रं." जोतिराम म्हणजे संघाचा पुढचा गडी, गोल मारणारा. तो उभा होता मैदानाच्या पार त्या टोकाला. दुसऱ्या कुणीही चेंडू जवळच्या पोराकडं ढकलला असता. पिराजीला जोतिराम सांगितला होता. त्यानं अनवाणी पायानं चेंडू हाणला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि जोतिरामच्या पायाशी असा उतरला, की जोतिरामला पाऊलसुद्धा उचलावं लागलं नाही.

वस्तादांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. गोठ्यावर मार म्हटलं, गोठ्यावर. खांबावर मार म्हटलं, खांबावर. वस्तादांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, हिरा सापडला. पायाबरोबर थोडं डोकंही लागतं, हे त्यांना सुचलं नाही. त्यांचं स्वतःचं इतकी वर्षं त्यावाचून चाललं होतं.

आता त्या मैदानाचं सांगायला हवं. ते चिंचटेक आणि माळेवाडी या दोन गावांच्या मधोमध. दोन्ही गावांना ते आपलंच वाटायचं. रोज संध्याकाळी आधी भांडण व्हायचं आणि उजेड उरला तर फुटबॉल. शेवटी दोन्ही सरपंच एकत्र बसले. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत सेमीफायनलला हीच दोन गावं समोरासमोर आली होती. सरपंचांनी ठरवलं, जो जिंकेल त्याचं मैदान. हरेल त्यानं खाणीजवळच्या माळावर खेळावं. त्या माळावर दगड इतके होते, की तिथं शेळ्यासुद्धा जपून चालायच्या. चिंचटेकच्या आजोबा-पणजोबांपासून सगळे या मैदानावर खेळलेले. म्हातारी माणसं म्हणाली, मैदान गेलं तर आमची संध्याकाळ गेली.

आणि नेमका संघाचा मधला गडी, रणधीर, भावकीतल्या लग्नाच्या वरातीत नाचताना पाय मुरगाळून बसला. मधला गडी म्हणजे सगळा खेळ त्याच्या पायातून जातो. चेंडू मागून घ्यायचा, बघायचा आणि पुढं ज्याला द्यायचा त्याला द्यायचा. राखीव म्हणून वस्तादांचा पुतण्या होता. तो पुतण्या होता, एवढीच त्याची तयारी.

"पिराजीला घेऊ," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, त्यो खुळा हाय," जोतिराम म्हणाला.

"खुळाच पायजे. शहाणी माणसं माझं ऐकत न्हाईत."

आदल्या दिवशी वस्तादांनी देवळापुढं धुळीत मैदान आखलं आणि दगड मांडले. वस्ताद डावपेचात फार हुशार समजले जायचे. असं ते स्वतः समजायचे.

"ह्यो मधला दगड बघितलास? ह्यो तू."

"ह्यो दगड मी?"

"व्हय, ह्यो दगड तू."

इतकं खरं वस्ताद त्या अख्ख्या स्पर्धेत पुन्हा बोलले नाहीत.

मॅचच्या दिवशी दोन्ही गावं मैदानाभोवती लोटली. चिंचटेकची जर्सी लाल, माळेवाडीची निळी. शिट्टी झाली. पिराजी मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. चेंडू त्याच्या शेजारून गेला. तो हलला नाही. चेंडू त्याच्या पोटरीवर आपटला. तो हलला नाही. माळेवाडीची पोरं त्याला वळसा घालून खेळायला लागली. एकानं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून बुटाची नाडी बांधली.

वस्ताद कडेनं ओरडले, "अरं, हाल की. असा काय उभा?"

"मी दगड हाय न्हवं का, वस्ताद?"

वस्तादांनी कपाळ धरलं. "आता दगड न्हाईस तू. माणूस हाईस. चेंडू आला की आपला म्हणायचा. जीव गेला तरी कुणाला द्यायचा न्हाई."

"असं म्हणता? बरं," पिराजी म्हणाला.

पुढच्या क्षणी चेंडू आला. पिराजीनं तो आपला म्हटला. माळेवाडीचा एकजण आला, त्याला चुकवलं. दुसरा आला, त्यालाही चुकवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग जोतिराम हात वर करून चेंडू मागायला आला. पिराजीनं त्यालाही चुकवलं. मागचा एक लाल जर्सीवाला आला, त्यालाही चुकवलं. शेवटी चिंचटेकचे सगळे गडी पिराजीच्या मागं पळत होते आणि माळेवाडीचे सगळे गडी कमरेवर हात ठेवून बघत होते. पळता पळता तो वस्तादांजवळ आला.

"अरं, आपल्या पोरांना द्यायचा असतोय."

"तुम्हीच म्हणाला, कुणाला द्यायचा न्हाई."

"आता मी म्हणतोय, दे. मोकळा माणूस बघ. ज्याच्या आजूबाजूला कोण न्हाई, त्याला चेंडू दे."

"असं म्हणता? बरं."

पिराजीनं मान वर करून मैदानभर पाहिलं. जोतिरामला दोघं चिकटले होते. बाकीच्यांमागंही एकेकजण होता. फक्त एक माणूस अगदी मोकळा होता. त्याच्या आसपास कुणीही फिरकत नव्हतं. तो होता पंच. पिराजीनं असा सुरेख पास दिला, की चेंडू थेट पंचाच्या पायात. पंच दचकला, अडखळला, चेंडू त्याच्या बुटाला लागून माळेवाडीच्या गड्याकडं गेला, आणि त्यानं गोल केला. आता असा चेंडू पंचाला लागला तर खेळ थांबवायचा असतो. पण पंच त्या वेळी पाठीवर पडून आभाळ बघत होता.

माळेवाडीनं गुलाल उधळला. चिंचटेकची म्हातारी माणसं खाणीकडं बघायला लागली.

"पंचाला कशाला दिलास?" वस्तादांचा आवाज बसला होता.

"त्यो बिचारा कधीपास्नं एकटाच पळत हुता. त्याला कुणीच देत न्हवतं."

"पिराजी, माझ्या बापा, रंग बघ. आपला रंग लाल. लाल दिसला तरच द्यायचा."

"असं म्हणता? बरं."

आणि या वेळी खरंच बरं झालं. पिराजीनं लाल शोधला, आणि पहिला दिसलेला लाल जोतिराम निघाला. चेंडू गेला, जोतिरामच्या पायावर बसला, जोतिरामनं गोल मारला. बरोबरी झाली. गाव नाचलं. वस्ताद शेजारच्यांना सांगायला लागले, की हा डाव त्यांनी आठवडाभर घोटून घेतला होता.

जोतिराम पहिल्यांदाच पिराजीकडं बघून हसला. पिराजीच्या पाठीवर आजवर कुणी अशी थाप मारली नव्हती. त्याला इतका आनंद झाला, की पुढचा चेंडू कधी एकदा देतो याची त्याला घाई झाली. लाल दिसला. त्यानं हाणला. तो लाल सदरा होता भेळवाल्याचा, आणि भेळवाला उभा होता गर्दीच्या मागं, पार रस्त्याला. चेंडू भेळेच्या पातेल्यात असा पडला, की चिरमुरे दोन्ही गावांवर सारखेच उडाले. तिथं मात्र दोन्ही गावांचं भांडण झालं नाही.

मध्यंतर झालं. पोरं लिंबू चोखत बसली. जोतिराम म्हणाला, "वस्ताद, ह्याला बसवा बाहेर. तुमच्या पुतण्याला घ्या."

सगळ्यांनी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्या बूट घरी विसरून आला होता.

वस्ताद पिराजीपुढं उकिडवे बसले. "ती भोवतीनं पांढरी रेघ दिसतीया? त्या रेघेच्या पल्याड चेंडू जाता कामा नये. कुणीबी मारलेला असंना. पळायचं आणि अडवायचा. आपलं मैदान हाय, पिराजी. मैदान वाचवायचंय."

मैदान वाचवायचंय, हे पिराजीच्या काळजाला भिडलं. तोही त्या मैदानाच्या कडेलाच लहानाचा मोठा झाला होता. मध्यंतरानंतर तो असा पळाला, की माळेवाडीची पोरं हबकली. डावीकडची रेघ, उजवीकडची रेघ, चेंडू निसटायला लागला की पिराजी तिथं हजर. चिंचटेकचं गाव त्याच्या नावानं ओरडायला लागलं. आत्या गर्दीत पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माझा पोरगा भोळा हाय, पण कामाचा हाय."

तेवढ्यात जोतिरामला संधी मिळाली. त्यानं माळेवाडीच्या गोलकीपरला चुकवून चेंडू ढकलला. गोलकीपर आडवा पडलेला. समोर उघडं जाळं. चेंडू हळूहळू गोलाच्या रेघेकडं घरंगळत निघाला. माळेवाडीनं डोळे मिटले. आणि कुठूनतरी पिराजी वाऱ्यासारखा आला, जमिनीवर लोळण घेतली आणि ऐन रेघेवर चेंडू अडवला. नुसता अडवला नाही, लांब मैदानाबाहेर जाऊ नये म्हणून जपून मधोमध परत पाठवला.

माळेवाडीच्या गोलकीपरनं उठून पिराजीचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला.

जोतिराम खालीच बसला. वस्ताद रेघेवरून आत आले, तर पंचानं त्यांना बाहेर काढलं. मग वस्ताद कडेनंच बोलले. आता ते ओरडत नव्हते. त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"पिराजी, चेंडू जाळ्यात घालायसाठीच आपण खेळतोय. समजलं?"

"हे आधी सांगायचं न्हवं का, वस्ताद?"

आत्यानं त्यांनाही सांगितल्यासारखं वस्तादांनी थोडं पाणी प्यायलं.

"बरं. आता शेवटचं सांगतो. चेंडू घेऊन तू आत शिरलास आणि गोलकीपर समोर आला, तर त्याला फसवायचं. एका बाजूला मारतोय असं दाखवायचं, आणि दुसऱ्या बाजूला मारायचं. म्हणून दाखव बघू."

"एका बाजूला मारतोय असं दाखवायचं, आणि दुसऱ्या बाजूला मारायचं."

"आणि मारायचा कुठं?"

"जाळ्यात."

"शाब्बास," वस्ताद म्हणाले. पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं तरी त्यांना त्यात कुठं खोट दिसेना.

खेळ संपत आला. पंच घड्याळाकडं बघायला लागला. बरोबरीच होती. आता जो गोल करेल त्याचं मैदान. चिंचटेकची सगळी पोरं पुढं सरकली. त्यांचा गोलकीपर शिवगोंडा, तोही न राहवून आपलं जाळं सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत आला. माळेवाडीच्या एका गड्याचा पाय घसरला, चेंडू सुटला आणि पिराजीच्या पुढ्यात आला. पुढं कुणी नव्हतं. पिराजी पळत सुटला. माळेवाडीचे मागं राहिले. समोर फक्त त्यांचा गोलकीपर, आणि त्याच्या मागं जाळं.

चिंचटेक श्वास रोखून उभं राहिलं. शिवगोंडानं तर आनंदानं जर्सी डोक्यावर ओढली आणि नाचायला सुरुवात केली.

"पिराजी, फसव त्याला," वस्ताद ओरडले.

पिराजीनं पाय उचलला. अशी काही हूल दिली, की माळेवाडीच्या गोलकीपरनं जीव तोडून डावीकडं झेप घेतली आणि तोंडावर आपटला. समोर पुन्हा एकदा उघडं जाळं. पण चेंडू अजून पिराजीच्या पायाशीच होता.

त्याची ही बाजू दाखवून झाली होती. आता दुसरी बाजू.

पिराजी शांतपणे मागं वळला. लांबवर, मैदानाच्या पार त्या टोकाला, चिंचटेकचं जाळं दिसत होतं. त्यानं आयुष्यातला सगळ्यात सुंदर फटका हाणला. चेंडू उंच गेला. जोतिरामच्या डोक्यावरून गेला. जर्सीत तोंड घालून नाचणाऱ्या शिवगोंडाच्या डोक्यावरून गेला. पंच मान वर करून त्याच्या मागं पळत राहिला. चेंडू एकदा टप्पा खाऊन, कुठल्याही खांबाला न शिवता, जाळ्याच्या बरोबर मधोमध जाऊन बसला.

पंचानं शिट्टी वाजवली. गोलाची आणि खेळ संपल्याची, दोन्ही एकदमच.

माळेवाडीच्या पोरांनी पिराजीला खांद्यावर घेतलं. त्याच्या अंगावर गुलाल टाकला, गळ्यात हार घातला आणि त्याला मिरवत मैदानाला फेरी मारली. मिरवणूक चिंचटेकच्या लोकांपाशी आली. म्हातारी माणसं जमिनीकडं बघत होती. आत्यानं पदर तोंडावर घेतला होता. केरबा वस्ताद तिथंच मातीत मांडी घालून बसले होते.

पिराजी खांद्यावरून वाकला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुम्ही एकच गोलकीपर फसवाय सांगितला हुता. मी दोन्ही फसवले."