कपाळ

"पण माझं चुकलं कुठं, माई?"

शलाकाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. तालुक्यात महिला संघटना चालवणारी ही बाई. भाषणाला उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद! आज मात्र आमच्या मठाच्या ओसरीवर घसा कोरडा करत होती.

बायजामाई वाती वळत होत्या. मी शेजारी शेंगा फोडत बसले होते.

"विधवांचं हळदीकुंकू घेतलं आम्ही. पाचशे माणसं होती. पहिलं कुंकू मी माझ्या आईला लावलं. किती टाळ्या पडल्या! आणि ती... घरी येऊन नळाखाली कपाळ घासत बसली. सोलून निघालं हो. त्याला आज अकरा दिवस झाले. माझ्याशी एक शब्द बोललेली नाही."

"तुला काय वाटतं?"

"सवय, माई. बाबा गेल्यापासून वीस वर्षं दबून राहिलीय. पालथ्या घड्यावर पाणी!"

मला राग आला. आईला कुणी असं बोलतं का? पण माईंपुढं मध्ये बोलायची टाप नाही आपली.

माई उठल्या. देवळीतला करंडा काढला, त्यात अंगठा बुडवला आणि थेट शलाकाताईंच्या कपाळाशी नेला.

शलाकाताईंनी खाडकन त्यांचं मनगट धरलं.

"हे काय, माई? मी कुंकू लावत नाही. ठाऊक आहे तुम्हाला."

"नको?"

"आधी विचारायचं तरी! मी सांगितलं असतं..."

...

माईंचं मनगट अजून शलाकाताईंच्या मुठीतच होतं.

"वडील गेले तेव्हा आईचं कुंकू कुणी पुसलं?" माईंनी हळूच विचारलं.

"आत्यांनी. मी नऊ वर्षांची होते. दोघींनी तिचे हात धरले आणि थोरलीनं पुसलं."

"आणि त्या दिवशी व्यासपीठावर?"

शलाकाताईंनी माईंचं मनगट सोडलं.

"ती चढत नव्हती. माझ्या दोन मैत्रिणींनी हाताला धरून वर आणलं. आम्हाला वाटलं, लाजतेय."

"कुंकू कुणी लावलं?"

"मी."

...

मग त्या रडल्या. एवढी मोठी बाई, पण पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले.

"मी प्रेमानं केलं, माई. देवाशप्पथ."

"आत्याही म्हणत असतील, आपण रीत पाळली. वाईट कुणालाच करायचं नव्हतं, बाई."

"तिला कुंकू हवं होतं की नको होतं, हेसुद्धा मला माहीत नाही. पोटची पोर मी तिची!" त्यांनी डोळे पुसले. "आता काय करू?"

"घरी जा. दारातच थांब आणि विचार, आत येऊ का?"

"माझ्याच आईच्या घरात?"

"तिच्याच. आणि ती नको म्हणाली, तर मुकाट बाहेर उभी राहा. जन्मात एकदा तरी तिचं 'नको' कुणीतरी ऐकू दे."