विसरलेली कढई

“पण आमचं चुकलं काय, सर?”

प्रणालीनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी कुंपणाच्या अलीकडे मेथी निवडत बसले होते. पहिल्या दोन वेळा ऐकून सोडून दिलं. तिसऱ्यांदा पाट जरा कुंपणाकडे सरकवला.

आमचं परसदार आणि कॉलेजची रोपवाटिका यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण आहे, तेही विरळ. अकरा खोल्यांचं कॉलेज. तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं.

दहातोंडे सर पिशव्यांमध्ये माती भरत होते. भूगोल शिकवायचे. अठरा वर्षं एनएसएसची शिबिरं त्यांनीच चालवली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता फक्त रोपांसाठी येतात.

प्रणाली टी.वाय.ला. एनएसएसच्या पोरापोरींची पुढारी. हुशार मुलगी, पण चालतेसुद्धा हजेरी घेतल्यासारखी.

झालं होतं असं, की हिवरदरा हे कॉलेजनं दत्तक घेतलेलं गाव. दर हिवाळ्यात चाळीस जण सात दिवस तिथल्या शाळेत मुक्कामाला जातात, श्रमदान करतात. यंदा शिबिराला दहा दिवस राहिले आणि गावानं निरोप धाडला. पोरांना सांगा, यंदा येऊ नका.

“कुणाशी भांडण?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“पोरांनी काही वेडंवाकडं केलं?”

“तीन वर्षांत एक तक्रार नाही, सर. एकसुद्धा नाही.”

“हं...”

“सांडपाणी जिरवायला बावीस खड्डे खणून दिले. गल्लीत एक डबकं राहिलं नाही. म्हाताऱ्यांचे डोळे तपासून घेतले. आणि निरोप काय, तर ‘तुमचे उपकार पुष्कळ झाले, आता पुरे.’ ही काय बोलायची रीत झाली?”

सरांनी पिशवी दोनदा जमिनीवर आपटली. माती बसली. वरून आणखी एक मूठ घातली.

“तुम्ही नुसता एक फोन करा,” प्रणाली म्हणाली. “तुमचा शब्द गाव मोडणार नाही.”

“नाही मोडणार.”

“मग?”

“म्हणूनच नाही करत.”

...

मैदानावर गॅदरिंगच्या लेझमीची तालीम चालली होती. हलगीवाला चुकला, सगळे थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“दुसरी गावं असतील की,” सर म्हणाले.

“आहेत ना. चार सरपंचांनी आपणहून विचारलंय.”

“मग जा तिकडे.”

प्रणाली उठली नाही. तिनं एक रिकामी पिशवी उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“मला हिवरदऱ्यालाच जायचंय,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “माझं शेवटचं शिबिर आहे, सर. गेल्या गुरुवारी बाजारात तिथल्या दोघी बायका दिसल्या. मी हसले. तर त्या पदर सावरून दुसऱ्या बोळात शिरल्या. रागानं नाही हो... लाजल्यासारख्या.”

सरांचा हात मातीत थांबला.

“लाजल्यासारख्या?”

“हो. मला तेच कळेना. राग असता तर मी भांडले असते.”

त्यात काही शंका नव्हती.

“गावात तुला हाक काय मारतात?” सरांनी विचारलं.

“मॅडम.”

“म्हाताऱ्यासुद्धा?”

“सगळेच.”

वीस वर्षांची पोर. माझ्या भाचीच्या वयाची.

“वहिनी,” सर कुंपणाकडे न बघताच म्हणाले, “काड्या पातेल्यात चालल्यात आणि पानं उकिरड्यावर.”

मी पातेल्यात पाहिलं. खरंच होतं. म्हटलं, “तुमचं चालू द्या, सर. माझं लक्ष नाही तुमच्याकडे.”

“ते दिसतंय.”

प्रणाली पहिल्यांदाच हसली. मग फाइल उघडून तिनं चार पानं सरांपुढे धरली. शिबिराला न्यायच्या सामानाची यादी. तिनं स्वतः केलेली, सुरेख अक्षरात. सर मातीचे हात मांडीला पुसून वाचू लागले. पाण्याचा टँकर, शेगड्या, चाळीस ताटं, टिकाव, पाट्या, सतरंज्या, कंदील, सुईदोरा, खोबरेल तेल, लवंगा.

“लवंगा कशाला?”

“कुणाची दाढ दुखली तर.”

“वा. यात राहिलंय काय?”

“काही राहिलेलं नाही, सर. सात दिवस गावाकडे काडेपेटी मागायची वेळ येत नाही आमच्यावर.” मग तिच्या तोंडून निसटलंच. “तुमच्या वेळी याद्या नव्हत्या म्हणे. एकदा तर तुम्ही कढईच विसरला होतात.”

“एकदा नाही.”

“मग?”

“दरवर्षी.”

“दरवर्षी कढई विसरायचात?”

“अठरा वर्षं.”

प्रणाली मोठ्यानं हसली. मीही हसले. मग मला आठवलं, या माणसाला रोपवाटिकेतल्या प्रत्येक वाफ्याची तारीख पाठ असते... माझं हसू तिथंच राहिलं. प्रणालीचंही थांबलं होतं.

“मग स्वयंपाक कशात करायचात?”

सरांनी यादी पुढे ओढली. तिच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या पानावर एक रेघ मारली. मी मान उंच करून पाहिलं. ‘मोठी कढई, १’ एवढंच खोडलं होतं. बाकी चारही पानं तशीच.

“सर, चाळीस जणांची भाजी...”

“कौतिकाबाई आठवते तुला?”

“कोण?”

“शाळेच्या मागं घर आहे तिचं. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी टोपलं घेऊन आली होती.”

“हां, त्या आजी. भाकरी आणि ठेचा. केवढं मोठं टोपलं, डोक्यावरून उतरवायला दोघं लागले.”

“मग?”

“मी हात जोडले. म्हटलं, आजी, आम्ही द्यायला आलोय, घ्यायला नाही.” सांगताना पोरीची मान ताठ झाली. “प्राचार्यांना इतकं आवडलं की यंदा शिबिराच्या फलकावर तेच वाक्य घातलंय.”

“आणि टोपलं?”

“घेऊन गेल्या परत.”

“डोक्यावर कुणी चढवून दिलं?”

“...आमच्याच मुलांनी.”

सरांनी नवी पिशवी घेतली. तोंड उघडून धरली, पण माती घातली नाही.

“ती बाजारात भेटते मला. त्या भाकरी एकटीनं थापल्या नव्हत्या तिनं. सात घरच्या होत्या. परत नेल्यावर कुणाला आपली भाकरी ओळखू येईना, म्हणाली. कुणी हातच लावेना.”

“मग काय केलं त्यांचं?”

“गुरांना घातल्या.”

...

मी मेथीची जुडी खाली ठेवली. आमच्यात दारी आलेल्याला वाढलेलं ताट मागं फिरलं तर बाई महिनाभर त्याच विचारात असते, की मीठ कमी पडलं, की आपणच कुठं कमी पडलो. ही गोष्ट त्या पोरीला कुणी सांगायची? तिच्या यादीत ती कुठं बसणार?

प्रणाली यादीची पानं फाइलीत लावत राहिली. मैदानावरची लेझीम थांबली होती. पोरं नळावर पाणी पीत होती, एकमेकांवर उडवत होती.

“नियम होता, सर,” ती अखेर म्हणाली. “गावावर आपला भार पडता कामा नये. पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलेलंच ते.”

“चांगला नियम आहे.”

“मग मी माफी मागू त्यांची?”

“कशाची? तू काही घेतलं नाहीस कुणाचं.”

सर हे अगदी साधेपणानं बोलले. तरी पोरीचे डोळे भरून आले. तिनं ते तिकडे वळून पुसले, मला दिसू नये म्हणून. मी दिसलं नाही असं दाखवलं.

“गाव मला परत बोलवेल?”

“मला काय ठाऊक?”

“तुम्ही चला ना सोबत.”

“मी आलो तर ती माणसं माझ्याशीच बोलतील.”

“मग मी एकटी जाते उद्या.” ती उठली, ओढणी झटकली. पुन्हा तिच्यातली पुढारी जागी झाली. “फोटोंचा अल्बम नेते. खड्ड्यांचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत त्यात.”

“नको.”

“प्राचार्यांचं पत्र?”

“नको.”

“निदान आजींना काहीतरी? एखादी शाल, साखर...”

सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं फाइल काखेत मारली.

“मग तिथं जाऊन बोलू तरी काय, सर?”

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. नळाखाली हात धुतले, नखांतली माती काढली. भरलेल्या पिशव्या एका ओळीत लावल्या. मला वाटलं, आता तरी चार शब्द नीट समजावून सांगतील. इतकी वर्षं शिकवलं त्यांनी, सांगायला काय जड होतं?

“अकराची एसटी आहे,” ते म्हणाले. “बाराच्या आत पोचशील. त्या वेळी हिवरदऱ्यात सगळ्यांच्या चुली पेटलेल्या असतात.”

“बरं.”

ती फाटकापर्यंत गेली. सरांनी मागून हाक मारली.

“प्रणाली...”

“हं?”

“घरून जेवून निघू नकोस.”