मुकादमाच्या पदव्या आणि बिननावाचं बाळ

फार जुनी गोष्ट आहे. वेळ तिसऱ्या प्रहराची. ठिकाण, खाडीकाठच्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांच्या, गावातलं प्रार्थनाघर. मलिद्याचं, म्हणजे नैवेद्याच्या गोड पोह्यांचं, ताट सजलं होतं. एलियाहू हन्नबी या जुन्या संदेष्ट्याची खुर्ची रीतीप्रमाणे रिकामी ठेवली होती. आईच्या मांडीवर आठ दिवसांचं बाळ होतं. आठव्या दिवशी सूर्य मावळण्याआधी सुंता व्हायची आणि तेव्हाच बाळाला नाव मिळायचं, असा नियम.

सुंता करणारा मोहेल मात्र खाडीपलीकडे उभा राहून रुमाल हलवत होता. त्याला आणायला होडी गेलीच नव्हती, कारण सगळे नावाडी आत बसून 'आमेन' म्हणत होते. तसा मुकादमाचा हुकूम होता.

मुकादम म्हणजे या मंडळींचा पुढारी. शास्त्र ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं होतं, की अब्राहामला लोक 'अवीनू' म्हणतात, म्हणजे आमचा पिता. मोशेला 'रब्बेनू', म्हणजे आमचा गुरू. एलियाहू 'हन्नबी', म्हणजे संदेष्टा. दावीद तर राजाच.

"आणि मी नुसता मुकादम?" तो म्हणाला, आणि त्याने स्वतःसाठी पदव्या करून घेतल्या. प्रत्येक समारंभाआधी त्या म्हणायच्या, आणि त्या संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

"गावाचा पिता!" प्रार्थना म्हणणाऱ्या हजानाने सूर लावला.

"आमेन!"

"गावाचा गुरू!"

"आमेन!"

"समुद्राला दटावणारा!"

समुद्राने मुकादमाची पगडी दोनदा पळवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही, "आमेन!"

ऊन भिंतीवरून खाली सरकलं. बाळाची आई रडकुंडीला आली. "मुकादमसाहेब, दिवस मावळेल हो! माझं लेकरू बिननावाचं राहील."

"बाई, अर्ध्यावर थांबलं तर पदवीचा अपमान होतो," मुकादम म्हणाला. "हं, हजान, पुढची."

तेव्हा सिम्हाबाई सुईण उठली. अर्धं गाव तिनेच जगात आणलं होतं.

"हजानबाबा, मोशे वारला तेव्हा शास्त्राने त्याला काय म्हटलं?"

"देवाचा सेवक."

"गुरू नाही? राजा नाही?"

"नाही बाई. देवाचा सेवक, एवढंच. याहून मोठा मान नाही."

मुकादम ताडकन उठला. "सगळ्यात मोठा? मग माझ्या यादीत का नाही? आधी तोच म्हणा!"

"म्हटला," सिम्हाबाई म्हणाली. "आता सेवका, खाली जा आणि होडी वल्हव. मोहेल खोळंबलाय."

"मी? गावाचा पिता?"

"अरे, तुला याच हातांनी बाहेर काढलंय. तेव्हा तुला एकही पदवी नव्हती, पण आवाज हाच होता. नीघ!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळं प्रार्थनाघर हसलं. मुकादम लाल होऊन तरातरा खाडीवर गेला. पगडी तिसऱ्यांदा समुद्राने नेली.

बोडक्या डोक्याच्या मुकादमाला मोहेलने ओळखलंच नाही. "नावाड्या, झोपला होतास काय? ओढ जोरात!" वाटभर तो ओरडत होता. मुकादमाने ओढलं. हाताला फोड आले, पण सूर्य समुद्रावर हातभर उरला असताना होडी काठाला लागली. बाळाची सुंता झाली, बाळाला नाव मिळालं आणि मलिदा वाटला गेला.

पुढच्या समारंभाला हजानाने विचारलं, "पदव्या म्हणू?"

मुकादमाने तळहाताकडे पाहिलं. "नावाने हाक मार, पुरे. आणि आधी बघ, होडी गेली का?"

तात्पर्य: पदवीचं काम जो करतो, पदवी त्याचीच.

आता राहिली एक गोष्ट. त्या दिवशी रुमाल खिडकीतून सगळ्यांना दिसत होता, आणि वल्हवता येणारे डझनभर नावाडी आत बसले होते. त्यांच्यातला एकही का उठला नाही, याचं उत्तर त्या गावात अजून कोणी दिलेलं नाही.