हवेवर उचललेला भार

एके काळी एका घाटमाथ्यावर शिवाप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ गाड्या दुरुस्त करीत असत. तारुण्यात त्यांनी जंगलातले ओंडके वाहणारे ट्रक सांभाळले होते. अवजड वस्तू उतारावरून सुखरूप खाली कशी न्यावी, हे त्यांच्याइतके त्या परिसरात कोणाला ठाऊक नव्हते. लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्याकडे यमुना नावाची एक शिष्या होती. शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून ती तिथे आली होती. गाड्या जोडणे मला येते, आता त्यांचे ऐकायला शिकायचे आहे, असे तिने आल्या दिवशीच सांगितले, आणि मास्तरांनी तेवढ्यावर तिला ठेवून घेतले.

एका सकाळी विश्वंभर पारगावकर नावाचा व्यापारी त्यांच्या दारी आला. शहराबाहेरच्या शेतघरांच्या बागा सजवून देणे हा त्याचा व्यवसाय. जुने रांजण, उखळे, कोरीव शिळा असे जे जे रानावनात बेवारस पडलेले दिसे, ते तो उचलून आणी. त्यासाठी त्याने एक मालवाहू जीप घेऊन ती मुद्दाम उंच करून घेतली होती. चाके थोराड, आणि पोटाखाली कोल्हा पळून जाईल एवढी जागा. समोरून मोठी रुबाबदार दिसे. मागून मात्र ती बसली होती, दमलेल्या बैलाने मागचे पाय मोडून टेकावे तशी.

यमुनेने हौद्यात डोकावून पाहिले. हौदा रिकामा होता.

व्यापाऱ्याचे म्हणणे असे की गाडीचे मागचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या, थकले आहेत. पाट्यांच्या मदतीला हवेच्या उशा बसवून मिळतात, त्या त्याला हव्या होत्या. अपघाताच्या वेळी उघडणाऱ्या एअरबॅगा त्या नव्हेत. या उशा जाड रबराच्या असतात, मागची चाके जोडणारा दांडा, म्हणजे एक्सल, आणि वरचा सांगाडा, म्हणजे चेसिस, यांच्यामध्ये बसतात, आणि हवा भरली की खाली गेलेला मागचा भाग वर उचलून धरतात.

मास्तर गाडीखाली गेले. प्रत्येक पाट्यावरून त्यांनी सावकाश हात फिरवला. बाहेर येऊन त्यांनी सांगितले की पाट्यांना चीर नाही आणि त्यांची कमानही गेलेली नाही. मग त्यांनी विचारले, हौद्यातून काय नेता?

व्यापाऱ्याने लपवले नाही. डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर आडवण नावाचे गाव होते. फार पूर्वी साथीच्या रोगात ते उठले, ते पुन्हा वसले नाही. तिथल्या वेशीवर वीरगळांची रांग आहे. गावासाठी, गुरांसाठी झुंजताना जे पडले त्यांच्या स्मरणाचे ते कोरीव दगड. व्यापारी ते उपटून आणीत होता. त्यांना आता वारस नाही, तिथे कोणी दिवा लावत नाही, निदान कोणाच्या तरी बागेत त्यांना पाणी तरी मिळेल, असे तो म्हणाला. म्हणताना त्याने एकदा मागे वळून हौद्याकडे पाहिले.

मास्तरांनी यमुनेला काम सुरू करायला सांगितले.

काम सोपे नव्हते. गाडी उंच केलेली असल्याने एक्सल आणि चेसिस यांतले अंतर वाढले होते. नेहमीसारखी उशी बसवली असती, तर खड्ड्यात चाक लटकताच ती ताणून फाटली असती. यमुनेने अंतर मोजून उशांखाली लोखंडी ठोकळे बसवले. डाव्या-उजव्या उशीच्या नळ्या तिने वेगळ्या ठेवल्या, कारण नळी एकच असेल तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा पलीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. चालकासमोर दाब दाखवणारे दोन काटे लावले. हवा भरताच गाडीची पाठ हळूहळू वर आली आणि जमिनीला समांतर होऊन थांबली.

मग हवा कुठून निसटते का हे पाहण्यासाठी तिने सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. ती समाधानाने काट्यांकडे पाहत असतानाच उजवा काटा हलला. तो खाली गेला असता तर तिला नवल वाटले नसते. तो वर चढला. हवा भरण्याची नळी तिने केव्हाच काढून ठेवली होती. उशीवर वरून वजन आले, तरच तो काटा तसा चढतो. काटा थोडा चढला, थांबला, पुन्हा थोडा चढला. एकामागून एक माणसे गाडीत चढताना चढतो, अगदी तसा.

मास्तर तिच्या मागेच उभे होते. "हौद्यात कोणी बसलं का?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारले.

"नाही, मास्तर."

"बरं," ते म्हणाले, आणि हात पुसायला निघून गेले.

गाडी ताब्यात देताना त्यांनी व्यापाऱ्याला एवढेच बजावले की या उशांनी गाडी सरळ दिसेल, पण तिची ताकद वाढणार नाही; किती ओझे न्यायचे याची मर्यादा कालच्याइतकीच आहे. व्यापाऱ्याने मान डोलावली. त्याचे लक्ष गाडीच्या सरळ झालेल्या पाठीकडे होते.

काही दिवसांनी, धुके उतरलेल्या एका दुपारी, तो परत आला. हौद्यावर ताडपत्री आवळून बांधली होती. गाडी मागेपुढे कुठेही झुकलेली नव्हती. दृष्ट लागावी अशी ती सरळ उभी होती. ती चालवत आलेला व्यापारी मात्र कसनुसा झाला होता. त्याचा चालक काम सोडून गेला होता. मागे कोणी बोलते आहे असे त्या चालकाला वाटे, आणि गाडी थांबवली की बोलणे थांबे. व्यापाऱ्याने त्याला हसून वाटेला लावले होते. पण आज आडवणीहून येताना त्याला स्वतःला सुकाणू हलके लागत होते. जणू गाडीचे नाक कोणी मागून ओढून वर धरले आहे. अजून सबंध घाट उतरायचा होता. खाली गिऱ्हाईक वाट पाहत होते. त्याने दोन गोष्टी मागितल्या. उशांत आणखी हवा भरावी, आणि घाट उतरेपर्यंत गाडी चालवायला यमुनेला सोबत द्यावे.

यमुना तयार होती. तिने चालकाच्या जागी बसून काट्यांकडे पाहिले. दोन्ही काटे तिने लावून दिलेल्या खुणेच्या कितीतरी पुढे गेले होते, आणि ती पाहत असतानाच आणखी सरकले. बाहेर धुक्यात व्यापारी आणि मास्तर गाडीपासून दूर उभे होते. गाडीला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

तिने खाली उतरून विचारले, ताडपत्रीखाली किती दगड आहेत?

"दोन," व्यापारी म्हणाला. "दोनच आहेत."

आणि इथे मास्तरांनी ती गोष्ट केली, जिचा अर्थ दोघांनाही लागेना. हवा भरण्याची नळी आणायला यमुना वळली, तोच ते गाडीमागे वाकले आणि त्यांनी दोन्ही उशांच्या तोट्या उघडून दिल्या.

हवा सुटू लागली. तो आवाज फार वेळ चालला. गाडीची पाठ खाली येऊ लागली. तसल्या दोन दगडांचा भार साधारण किती, हे यमुनेला कळत होते. त्या भाराने गाडी कुठवर बसावी याचा अंदाज तिच्या डोळ्यांत होता. त्या जागेवर गाडी थांबली नाही. पाटे सरळ झाले, मग उलटे वाकले. एक्सलवरचा आघात झेलणारे रबर चेपून सपाट झाले. चाक वरच्या पत्र्याला टेकले आणि पत्रा करकरला. तेव्हा कुठे ती थांबली. ताडपत्री कोणी न हलवता मधोमध दबली होती, आणि दबलेली जागा दोन दगडांहून पुष्कळ मोठी होती. व्यापारी मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला.

मास्तर त्याच्याजवळ गेले.

"शेठ," ते म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ही गाडी मोकळी होती आणि तरी बसली होती. पाटे वाकतात, तेव्हा वाहणाऱ्याने ओझ्याकडे वळून बघायचं असतं. तुम्ही बघितलंत, पण लगेच तोंड फिरवलंत. हवेनं तिची पाठ वर आली, त्यामुळे तुम्हाला वाटलं की ओझं गेलं. ते गेलं नव्हतं. ते फक्त दिसेनासं झालं, आणि न दिसणारं ओझं घेऊन माणूस घाट उतरायला निघतो. मला हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवायचं होतं. आता सांगा, आणखी हवा भरू?"

व्यापाऱ्याने या वेळी तोंड न फिरवता दबलेल्या ताडपत्रीकडे पाहिले. मग त्याने विचारले, "परत नेऊन ठेवले तर?"

"ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पण मी खाली जाण्यापेक्षा तिकडे जाईन."

त्यांनी पुन्हा हवा भरली. वाट खडबडीत होती, रिकाम्या उशा चेपून फाटल्या असत्या आणि चाकेही पत्र्याला घासली असती. गाडीची पाठ सरळ होण्याआधीच मात्र त्यांनी हात आवरला. यमुनेला म्हणाले, जरा झुकलेलीच राहू दे, तुम्हा दोघांच्याही लक्षात राहील. मग स्वतःहून म्हणाले, जायचे नसेल तर जाऊ नकोस. ती चालकाच्या जागी जाऊन बसली.

आडवणीची वाट धुक्याने भरली होती. व्यापारी तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. मागून काही आवाज येत होते. ते दगडांचे असतील, असे तिने स्वतःला सांगितले, आणि एकदाही मागे पाहिले नाही.

गावात घरांची जोती तेवढी उरली होती, त्यांवर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. वेशीवर वीरगळांची रांग होती आणि रांगेत मध्ये मध्ये खड्डे. काही खड्ड्यांची माती अजून ओली होती. फळ्या आणि पहारी लावून दोघांनी ते दोन दगड उतरवले. यमुनेने तेव्हा ते प्रथमच नीट पाहिले. खाली ढाल घेतलेला माणूस पडतो आहे, त्याच्या वर अप्सरा त्याला हातांवर उचलून नेत आहेत, आणि सर्वांत वर तो पिंडीपुढे हात जोडून बसला आहे. त्या अप्सरांचे चेहरे झिजून गेले होते. उचलणारे हात मात्र शाबूत होते.

दगड आपापल्या खड्ड्यात उभे राहिले. माती चेपून झाली. घामाघूम होऊन ती गाडीपाशी आली आणि काटे पाहून जागीच थांबली. ते उतरले नव्हते. रिकामी गाडी तशीच दबलेली होती.

तिने व्यापाऱ्याला बोलावून काटे दाखवले. तो पाहत राहिला. मग तो रांगेपाशी परत गेला, आणि मोकळ्या खड्ड्यांपुढे एकेक करून उभा राहिला. ते दगड कोणाच्या बागेत आहेत, हे त्याला ठाऊक होते. शेवटच्या खड्ड्याशी त्याने चपला काढल्या.

"बाकीचे घेऊन येतो," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे तसा तो बोलला.

मागे गाडीचे पाटे कुरकुरले. यमुना पाहत होती. काटे खाली येऊ लागले, थांबत थांबत, एकामागून एक माणसे उतरावीत तसे. थोडे उतरून काटे थांबले आणि तिथेच राहिले. तिच्या आजूबाजूचे गवत वाकत गेले आणि पुन्हा सरळ झाले. वारा नव्हता. भीती वाटायला हवी होती, पण आपण कोणाच्या तरी वाटेत उभे आहोत एवढेच तिला जाणवले, आणि ती बाजूला सरली.

त्यानंतर पारगावकर गावोगावी हिंडला. बागा खोदून, माफी मागून, आपल्या पदरची दुसरी शिल्पे देऊन त्याने वीरगळ मिळवले आणि आडवणीला पोचवले. दर खेपेनंतर काटे थोडे उतरत. एक दगड मात्र परत मिळाला नाही. ज्याच्या बागेत तो होता, तो गृहस्थ घर विकून कुठेतरी निघून गेला होता. नव्या मालकाने दगड पायाच्या भरावात घालून वर भिंत बांधली होती. तिथवर जाऊन व्यापारी भिंतीला हात लावून परत आला.

तो शेवटचा मास्तरांकडे आला तेव्हा गाडी उजवीकडे किंचित झुकलेली होती. हौदा रिकामा होता. यमुनेने पाटे पाहिले, सांधे पाहिले. सगळे ठीक होते. उजव्या उशीत फुंकरभर हवा भरली असती, तर गाडी सरळ झाली असती. तिने नळी हातात घेतली आणि मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी व्यापाऱ्याकडे पाहिले.

"राहू दे," व्यापारी म्हणाला.

यमुनेने नळी गुंडाळून खुंटीला लावली. काय शिकलीस, असे मास्तरांनी तिला विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

काही ओझी उतरवता येतात, काही मात्र जवळ बाळगायची असतात. कोणती उतरवायची आणि कोणती बाळगायची, हे कळण्यासाठी आधी ती दिसू द्यावी लागतात. पारगावकर आजही त्या भागात फिरतो. बाजारात कोणी ना कोणी त्याला हटकून सांगतो, शेठ, गाडी एका अंगाला बसली आहे. माहीत आहे, असे तो म्हणतो, आणि वळणावर गाडी सावकाश घेतो.