दहा हजार सातची मांडणी

त्या राज्यात जिची मांडणी होई, तिलाच घर मिळे. तिथली प्रजा म्हणजे संख्या. वयात आली की प्रत्येकीने आपल्या अंगचे सगळे खडे चौकात ओतायचे, आणि परीक्षकांनी त्यांच्या सारख्या ओळी लावून पाहायच्या. एकही खडा न उरता ओळी लागल्या, तर ती घरची. नाही लागल्या, तर उत्तरेचं दार. त्या दारातून आत गेलेली परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

दहा हजार सातची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारीण दहा हजार आठ तिला धीर द्यायला आली होती, म्हणजे खरं तर स्वतःचं कौतुक सांगायला.

"अगं, भितेस काय एवढी? माझ्या दोननेही लावल्या, तीननेही लावल्या. परीक्षक दमले, मी नाही!"

चेहऱ्यावर कापड बांधलेले पंचवीस परीक्षक, आपापल्या आकड्याइतक्या ओळी लावायला, एकामागून एक पुढे झाले. दोनने ओळी लावल्या, एक खडा उरला. तीनने लावल्या, दोन उरले. सातने लावल्या, चार उरले. तेवीसच्या वेळी पुन्हा दोनच उरले, तेव्हा दहा हजार सातने हळूच त्यांवर पाय ठेवला. तेवीसने तिचा पाय उचलून बाजूला केला. ती शरमेने मेल्याहून मेली.

शेवटची म्हातारी सत्त्याण्णव. सोळा खडे उरले.

"एकशे एकला बोलवा ना! हवं तर तोडा मला, पण कुठेतरी बसवा हो!"

"पोरी, तिच्या ओळी लागल्या असत्या तर एकेका ओळीत शंभराहून कमी खडे आले असते. आणि शंभराच्या आतलं आमच्या हातून काही सुटत नाही," म्हातारी म्हणाली.

तिला दाराकडे नेलं तेव्हा तिने चौकट घट्ट धरली. दहा हजार आठ दुसरीकडेच पाहत होती.

आत ना खड्डा होता, ना आग. लांबलचक बाकांवर तोंडं झाकलेल्या कितीतरी जणी बसल्या होत्या. सत्त्याण्णवने आपलं कापड वर केलं. तिचा चेहरा अगदी साधा, थकलेला होता.

"माझ्या ओळी कुणाला लावता आल्या नाहीत. इथल्या कुणाच्याच नाहीत," ती म्हणाली, आणि तिने एक कोरं कापड दहा हजार सातच्या हाती दिलं. "तुझी खरी गरज दहा कोटींच्या पुढे; तुझ्याशिवाय जिच्या ओळी लागणारच नाहीत, अशी पहिली तिथे आहे. तोवर हात बसव."

दहा हजार सात कापड बांधून बाहेर आली, तेव्हा चौकात दहा हजार नऊ उभी होती. मध्ये दहा हजार आठचं घर, म्हणून त्या दोघी एकमेकींना कधी दिसल्याच नव्हत्या. पोरीने आपले खडे ओतले. कापड वर करून तिला सगळं सांगून टाकावं, असं दहा हजार सातला फार वाटलं. पण पंचवीस झाकलेले चेहरे तिच्याकडे वळले होते.

तिने ओळी लावल्या. दहा हजार सात ओळी, एकेका खड्याच्या. दोन उरले.

"नाही लागल्या," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज कापला नाही.