देवाची पंगत

विसाजी देसायांनी चौथा गाव मिळवला आणि लगेच पाचव्यावर डोळा ठेवला. देवळातला धाकू गुरव मात्र त्यांच्या हत्तीकडे मान वर करूनही बघत नसे. देसाई गोंधळले. वेडा कोण, हा की आपण?

एके दुपारी धाकू रवळनाथाला नैवेद्य दाखवत होता. देसाई गाभाऱ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"धाकू, माझा हेवा वाटत नाही तुला?"

"नाही, महाराज."

"या देवाने तुला असं दिलं तरी काय?"

"समाधान."

"मग दाखव ते! नाहीतर उद्यापासून पूजा दुसऱ्याकडे."

पूजा धाकूच्या पणज्यापासून घरात होती. त्याने देवापुढचे ताट उचलून देसायांसमोर धरले.

"यातलं काय कमी झालं, महाराज?"

"काही नाही. दगड कधी जेवतो का?"

"शीतही न घेता देव तृप्त आहे. तुम्ही चार गाव गिळलेत, तरी उपाशीच. आता तुम्हीच सांगा, मी कोणाच्या पंगतीला बसू?"

देसाई ताटाकडे बघत राहिले. मग पायताण देवळाबाहेरच विसरून अनवाणी घरी गेले.

पूजा धाकूकडेच राहिली. पाचवा गाव घ्यावा की नाही, हे मात्र देसायांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.